आपल्या वस्तीतील धोका कसा ओळखावा?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील टाकीतून सुमारे 40 टन मिथाईल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या भागांतील श्रमिक कुटुंबे झोपेतच गुदमरली. हजारो माणसे प्राणास मुकली. या भीषण घटनेस दैवी कोप म्हणता येणार नाही, कारण तिच्या सर्व खुणा आधीच दिसत होत्या.

डिसेंबर 1981 मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. पत्रकार राजकुमार केसवानी 1982 पासून शहराला इशारे देत होते. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जून 1984 पासून बंद होती. तात्पर्य, धोक्याचे ज्ञान अस्तित्वात होते. परंतु ते कारखान्याच्या भिंतीआड कोंडलेले होते.

म्हणूनच धोक्याचे मूल्यमापन करताना चार प्रश्न विचारले पाहिजेत. विष कोणते व किती आहे? ते माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते? किती काळ पोहोचते? आणि त्या वाटेवर कोण राहते? हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरला. वाऱ्याला आडवे जावे, तोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी माहिती रहिवाशांना आधी मिळाली असती तर अनेकांचे प्राण वाचू शकले असते.

दुसरा धोका संथ असतो. कारखान्याच्या आवारात व बाहेरील तळ्यांत टाकलेला रासायनिक कचरा जमिनीत मुरला आणि भोवतालच्या वस्त्यांच्या हातपंपांपर्यंत गेला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयास तेथे शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. आवारात साठवलेला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये पीथमपूर येथे हलवून पुढे जाळण्यात आला. तेथील नागरिकांनी त्यास तीव्र विरोध केला, कारण एका वस्तीचा धोका दुसऱ्या वस्तीच्या दारात नेऊन ठेवणे हे त्याचे निर्मूलन नव्हे.

यातून कार्याची दिशा स्पष्ट होते. प्रत्येक शाखेने आपल्या भागाचा नकाशा करावा. त्यात कारखाने, गोदामे, नाले, कचराभूमी, विहिरी व शाळा दाखवाव्यात आणि ऋतूनुसार वाऱ्याची दिशा नोंदवावी. पाणी स्वच्छ दिसते, वास येत नाही, यावर विसंबू नये. आर्सेनिकला ना रंग असतो ना चव. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी. घरोघरी आजारांची नोंद करताना वय, व्यवसाय आणि वास्तव्याचा काळ लिहावा व दूरच्या वस्तीशी तुलना करावी. अन्यथा योगायोगालाच पुरावा समजण्याची चूक होते आणि विरोधकांना आयते निमित्त मिळते.

कारखान्यातील कामगार हा या कामी पहिला साक्षीदार होय. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने, परिसरातील जनतेला धोक्याची माहिती देण्याचे बंधन कारखाना कायद्यात आले. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील तपासणी अहवाल मागता येतात. परंतु कायदा आपणहून कोणाचे दार ठोठावीत नाही. कामगार आणि रहिवासी यांनी एकत्र येऊन माहिती मागितली, तरच ती भिंतीबाहेर येईल. आणि ती वायूच्या आधी बाहेर आली पाहिजे.