मुलांना मैदानावर न्या



प्रजासत्ताक दिनाच्या संध्याकाळी मैदानावर पोलीस बँड देशभक्तीपर गीते वाजवतो. तिकीट नसते. तरी आपल्या मोहल्ल्यातून किती मुले जातात? "गर्दी असते," आपण म्हणतो. "मगरिब चुकते," असेही म्हणतो. मैदानाजवळच मशीद आहे. मी स्वतः नमाज पढून परत जागेवर येऊन बसलो आहे.

एका वर्षी मी दोन्ही मुलग्यांना नेले, मुलीला घरी ठेवले. परतल्यावर धाकटा तोंडाने ट्रॉम्बोन वाजवून दाखवू लागला. मुलीने एवढेच विचारले, "अब्बा, ते फक्त मुलग्यांसाठी होतं का?" मला उत्तर सुचले नाही. चूक माझीच होती.

पुढच्या वर्षी ती पहिल्या रांगेत बसली. बँडने एक धून सुरू केली, तेव्हा ही इक्बालांच्या १९०४ सालच्या तराना-ए-हिंदची, हे तिनेच भावांना सांगितले. (उर्दूच्या तासाला लक्ष देत होती म्हणायची!) मग जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीत लताबाईंनी गायिलेले शहिदांचे गीत आले, शब्द कवी प्रदीपांचे, चाल आपल्या सी. रामचंद्रांची. शेजारची एक वृद्ध बाई पदराने डोळे पुसत होती. मुलीने तिला आपली पाण्याची बाटली दिली. पुस्तकातून हे कसे शिकवावे, मला माहीत नाही.

शेवटी राष्ट्रगीत. ५२ सेकंद. माझा धाकटाही हलला नाही.

येत्या २६ जानेवारीला संस्थेच्या फाटकाशी पाच वाजता जमू या. मुलींना घेऊन या. सतरंजी मी आणतो.