नवे सुटे भाग आणि अडखळणारे स्टिअरिंग

मोटारीच्या पुढील चाकांचे शॉकअब्सॉर्बर, लोअर आर्म किंवा बॉल जॉइंट बदलून गाडी गॅरेजातून बाहेर पडावी आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येण्याऐवजी वळलेल्या बाजूसच रेंगाळावे, असा अनुभव पुष्कळांच्या वाट्यास येतो. अशा वेळी स्टिअरिंगचा रॅकच निकामी झाला असा निवाडा करून मोठ्या खर्चाची तजवीज करणे हा उतावीळपणा होय.

प्रथम टायरांतील हवा तपासावी. नंतर गाडीचा पुढील भाग उचलून, त्याखाली भक्कम स्टँड देऊन, टाय रॉडांची टोके सोडवावीत व प्रत्येक चाक हाताने स्वतंत्रपणे वळवून पाहावे; एक सहज वळते आणि दुसरे अडते असे आढळल्यास दोष त्या बाजूच्या बॉल जॉइंटात वा शॉकअब्सॉर्बरच्या माथ्यावरील बेअरिंगात शोधावा. वळताना स्प्रिंग टणकन सुटल्यासारखा आवाज येत असेल, तर पहिला संशय त्या बेअरिंगचाच.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते रबरी बुश. चाके अधांतरी लोंबत असताना लोअर आर्मचे बोल्ट पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर टेकताच त्या रबरास कायमचा पीळ बसतो आणि ते अकाली फाटते; म्हणून अखेरची आवळणी गाडीचा भार चाकांवर असतानाच, उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापाबरहुकूम व्हावी. त्यानंतरच अलाइनमेंट करवून घ्या, आणि तिच्या मापांचा छापील कागद मिस्त्रींकडून अवश्य मागून घ्या.