नळ कोरडा, राग शेजाऱ्यावर

स्थलांतरितांचा विषय निघाला की वक्ते थेट पॅरिस-लंडन गाठतात. आपण नालासोपाऱ्यालाच उतरू.

इथलं सोपारा म्हणजे शूर्पारक हे प्राचीन बंदर. परका माणूस इथं नवा नाही. १५३४ मध्ये शेजारची वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्य गेलं, तरी ख्रिस्ती झालेले सामवेदी, वाडवळ, कोळी आपापल्या वाड्यांतच राहिले. त्या धर्मांतरात सक्तीही होती, ते झाकायचं कारण नाही. आज त्यांची प्रार्थना मराठीत चालते, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आपल्या वसईचे फादर दिब्रिटो होते. पण या मुरण्याला कित्येक पिढ्या लागल्या.

१९९० नंतर तेवढी सवड कुणालाच मिळाली नाही. मुंबईत घर न परवडणारा प्रत्येक जण विरार लोकलमध्ये चढला. त्यात उत्तर भारतीय होते, तसे गिरणगावातले मराठीही होते. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. इमारती आधी आल्या, पाणी मागून. मधली जागा टँकरनं भरली. रांगेत हंडा घेऊन उभ्या बाईला बिल्डर दिसत नाही, पुढचा हंडा दिसतो. ‘हे लोक आले म्हणून पाणी गेलं’ हे वाक्य तिथं जन्मतं.

२००९ मध्ये महापालिका झाली तेव्हा गावांनी विरोध केला. त्याला कुणी संकुचित म्हटलं, मला तो शहाणपणाचा वाटतो. त्यांचं भांडण माणसांशी नव्हतं; वाड्या, विहिरी आणि ग्रामपंचायत जाण्याशी होतं.

आता नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या त्या ४१ इमारती आठवा. कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जमिनीवर त्या उभ्या राहिल्या, विकल्या गेल्या. न्यायालयाच्या आदेशानं २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या. रस्त्यावर आली ती घर विकत घेणारी माणसं.

घरांवरून परक्याकडे बोट दाखवणं परदेशातही चालतं. कॅनडानं जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. घरांची टंचाई हे एक कारण सांगितलं गेलं. आपल्या वसईची पोरं तिथं भाड्याची खोली शोधतात, तेव्हा घरमालकाच्या नजरेत ती कोण असतात, हे त्यांच्या आईबापांनी फोनवर विचारून पाहावं.

नव्यानं आलेल्यानं मराठी शिकावी, हा आग्रह मात्र मी सोडणार नाही. दुकानदार, रिक्षावाला यांनी तर शिकलीच पाहिजे. पण २०२५ च्या पावसाळ्यात मराठीवरून मीरा रोडला दुकानदाराच्या आणि विरारला रिक्षाचालकाच्या कानाखाली वाजवली गेली, त्यातून मराठीचा एक शब्दही कुणाला आला नाही. महापालिका झाली तरी प्राथमिक शाळा बरीच वर्षं जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. त्या शाळांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. तिथं प्रौढांसाठी मराठीचे वर्ग सुरू करा. रिक्षा संघटनांनी नावं द्यावीत. शिकवायला माझ्यासारखे निवृत्त मास्तर मोकळेच आहेत, मानधनाचं नंतर बघू.