नावेच्या इंजिनाचा पिस्टन

मंडळी, अमरावती-अकोल्याकडच्या माणसाने नावेच्या इंजिनावर बोलावे याची तुम्हाला गंमत वाटेल. आपल्याकडे ना समुद्र, ना खाडी. पूर्णा काय किंवा मोर्णा काय, उन्हाळ्यात पात्रात बैलगाडी घालावी अशी स्थिती. पण १४ सप्टेंबर २०२१ हा दिवस आठवा. वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा माणसे बुडाली. अशा वेळी शोधपथके रबरी नावा घेऊन धावतात, आणि त्या नावांची सारी मदार मागच्या फळीला टांगलेल्या इंजिनावर असते. आता फोर-स्ट्रोक इंजिने पुष्कळ आली. पण हलकी म्हणून टू-स्ट्रोकही अजून वापरात आहेत. ज्यांच्याकडे नाव नाही त्यांनीही ऐकावे, कारण कपाशीवर फवारणी करायचा पाठीवरचा पेट्रोल पंप याच जातीचा, फक्त हवेने थंड होणारा.

कोकणातले इंजिन रोज चालते. आपले दहा महिने गोदामात पडून असते आणि मग एकदम पुराच्या गढूळ पाण्यात उतरते. इथेच पिस्टनचे मरण आहे. पडून राहिलेल्या इंजिनात तेल चिकट होऊन रिंगा खाचेत धरून बसतात. आजकालच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते, आणि कार्बोरेटरची बारीक भोके बुजतात. पेट्रोल कमी येऊ लागले की त्याबरोबरचे तेलही कमी येते, कारण टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर येणारे तेल हेच पिस्टनचे वंगण. त्यात काळ्या मातीचा गाळ पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा खातो. इंजिन तापते, पिस्टन फुगतो, आणि सिलिंडरला धरतो.

म्हणून नवा पिस्टन घ्यायला निघण्यापूर्वी जुना नीट पाहा. भंगारात टाकू नका. चहूबाजूंनी ओरखडे असतील तर थंड पाणी पोचले नाही असे समजा. धुराच्या खिडकीच्या बाजूलाच उभ्या रेघा असतील तर तेलाची किंवा पेट्रोलची टंचाई. माथ्याला भोक पडले असेल तर स्फोट अवेळी होत होता. प्लग आणि ठिणगीची वेळ तपासा. कारण सापडले नाही तर कितीही महाग पिस्टन आणा, तोही त्याच वाटेने जाणार.

दुकानदार विचारील, ओतीव हवा की ठोकून घडवलेला? घडवलेला मजबूत खराच, पण तो तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला फट जास्त ठेवावी लागते आणि गार असताना तो खडखडतो. शर्यतीच्या इंजिनाला तो शोभतो. आपल्या कामाला जास्त सिलिकॉन घातलेला चांगला ओतीव पिस्टन मला बरा वाटतो. तो कमी फुगतो, कमी झिजतो. मात्र अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, हे विसरून चालत नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांतली फट पुष्कळ इंजिनांत जेमतेम डोक्याच्या केसाएवढी, ०.०६ ते ०.०७ मिलिमीटर असते. या फटीवर सारे आयुष्य अवलंबून आहे, डब्यावरच्या नावावर तितके नाही.

तेव्हा सिलिंडर आधी मोजून घ्या, वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी. झिजला असेल तर पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन लागेल. आमचे लोक घाई करतात. सिलिंडर आधी बोअर करून आणतात, मग पिस्टन शोधतात. क्रम उलटा हवा. पिस्टन हातात आला की तो लेथवाल्याकडे न्यावा आणि त्याच्या मापाने बोअर करावे. बोअरनंतर खिडक्यांच्या धारा मारायला सांगा, नाहीतर रिंगा त्यांत अडकून तुटतात. पिस्टनच्या खाचेत रिंगेसाठी बारीक खुंटी असते. रिंगेची तोंडे तिच्यावरच यावीत. पिन अडवणाऱ्या क्लिपा जुन्या कधी घालू नयेत, चार पैशांची ती वस्तू सुटली की सिलिंडर गेला. माथ्यावरची खूण कोणत्या बाजूला ठेवायची, हे इंजिनाच्या पुस्तकात पाहा.

तेलाचेही तसेच. पाण्याने थंड होणाऱ्या नावेच्या इंजिनाला ‘टीसी-डब्ल्यू ३’ प्रतीचे, राख न ठेवणारे तेल लागते, मोटारसायकलचे नव्हे. पुष्कळ इंजिनांना लिटरला २० मिलिलिटर पुरते, पण नवा पिस्टन बसवल्यावर पहिले काही तास दुप्पट, म्हणजे ४० मिलिलिटर घालतात. या काळात पूर्ण वेग देऊ नये.

पूर ओसरल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवा. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यातले विहिरीचे पाणी त्यासाठी नको. त्यातले क्षार आत साचतात. टाकी रिकामी करून प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडावे आणि महिन्यातून एकदा चाक हाताने फिरवावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पिंपभर पाण्यात इंजिन बुडवून चालू करा आणि बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार पडते का ते पाहा. धार बारीक असेल तर पंखा त्याच दिवशी बदलून घ्यावा.