चढणीचा चार पायांचा सोबती

पुण्याच्या नैऋत्येला, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर सिंहगड. पायथ्याच्या आतकरवाडीतून पायवाट सुटते आणि लगेच छातीवर येते. सोबत कुत्रा असला, की या चढणीची लयच बदलते. तो पुढे धावतो, वळणावर थांबतो, मागे बघतो. मालक दिसला की पुन्हा पुढे. माणूस गड एकदा चढतो, कुत्रा दीडदा!

पण या उत्साहालाही मर्यादा आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही; घाम सुटतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकत घालवतो. म्हणून पहाटेच निघावं, थांबत थांबत पाणी पाजावं. कातळावर आपला तळहात टेकवून बघावा. चटका बसला, तर त्याच्या पायांनाही बसणार. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना असा खडा चढ नकोच.

गडाचा पुणे दरवाजा येतो, वारा अंगावर येतो. माणूस दगडावर टेकतो, कुत्रा सावलीत पोट जमिनीला लावून पसरतो. दोघांच्याही धापा हळूहळू ओसरतात.

मग पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही समोर येतं. पिठल्याचा घास मात्र त्याला देऊ नका. त्यातला कांदा कुत्र्यांना विषारी असतो.