खमंग भाजलं का?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला आहे. आज जेवणानंतर श्रीखंडाच्या ज्या वाट्या येणार आहेत त्यांत तपकिरी गोळ्या दिसतील. त्या मी केल्या आहेत. ‘त्यात काय घातलंय ते आधीच सांगून टाक, नाहीतर लोक बाजूला काढून ठेवतील,’ असा निरोप मला आला. म्हणून सांगते. त्या गोळ्या कुकी डोच्या आहेत.

ज्यांच्या घरी कॉलेजातली मुलं आहेत त्यांना हा शब्द पाठ असेल. इतरांसाठी सोपं करून सांगायचं तर कुकी डो म्हणजे नानकटाईचा कच्चा गोळा. आपण गिरगावातली मुलं, त्यामुळे यापेक्षा जास्त समजावायची गरज नाही. आपल्या लहानपणी चाळीत कुणाकडे ओव्हन नव्हता. दिवाळीच्या आधी आया मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जायच्या. काही जणी गोळा घरूनच मळून न्यायच्या, काही तिथेच परातीत तूप-साखर फेसायला बसायच्या. पत्र्यावर मांडलेले गोळे भट्टीत जायचे आणि नानकटाई आपल्याच डब्यातून घरी यायची. परातीला चिकटलेलं पीठ बोटाने निपटून खाणं हा मुलांचा हक्क होता आणि ‘कच्चं खाऊ नको, पोटात दुखेल’ हे ओरडणं आयांचं काम होतं. माझं आजचं सगळं बोलणं त्या ओरडण्याबद्दल आहे.

अमेरिकेत हेच निपटून खाणं पुढे मोठा धंदा झाला. व्हरमाँट राज्यातल्या बेन अँड जेरीज या आइस्क्रीमवाल्यांनी १९८४ मध्ये आपल्या दुकानात आइस्क्रीममध्ये कुकी डोचे गोळे घालून पाहिले. एका गिऱ्हाइकाने निनावी चिठ्ठीतून ती कल्पना सुचवली होती. ते आइस्क्रीम डब्यात भरून बाजारात यायला १९९१ साल उजाडलं. २०१७ मध्ये तर न्यूयॉर्कमध्ये फक्त कुकी डो विकणारं दुकान निघालं आणि त्याच्यापुढे रांगा लागल्या. आता मुंबईतही कपात भरलेला कुकी डो मिळतो. आपल्यापैकी काही जणी घरून बेकिंगची ऑर्डर घेतात, त्यांच्याकडेही मुलं तो मागतात.

आपल्याकडे कुकी डोबद्दल पहिला प्रश्न असतो, ‘अंडं नाही ना?’ नाही म्हटलं की लोक निर्धास्त होतात. कच्च्या अंड्याचा धोका खरा आहे. पण अंडं काढलं की प्रश्न संपला, ही समजूत बरोबर नाही. दुसरा कच्चा पदार्थ वाटीतच असतो, तो म्हणजे पीठ. गहू शेतात उघड्यावर वाढतो. पक्षी, गुरं, शेण, माती, सगळ्यांशी त्याचा संबंध येतो. गिरणीत तो दळला जातो, शिजवला जात नाही. पिठाची पिशवी स्वच्छ आणि पांढरीशुभ्र दिसते म्हणून ते तयार अन्न वाटतं. खरं तर ते भाजीइतकंच कच्चं असतं.

२००९ मध्ये अमेरिकेत पॅकबंद कुकी डो न भाजता खाल्ल्यामुळे ३० राज्यांत मिळून ७० हून जास्त लोक ई. कोलाय या जंतूने आजारी पडले. त्यात तरुण मुली आणि लहान मुलं जास्त होती. संशय पिठावर होता, पण तेव्हा तो सिद्ध झाला नाही. २०१६ मध्ये मात्र थेट पिठाच्याच पिशव्यांमध्ये तो जंतू सापडला. त्या वेळी २४ राज्यांत ६३ जण आजारी पडले. आपल्या आयांना ई. कोलाय हे नाव माहीत नव्हतं. पण ‘पोटात दुखेल’ हा त्यांचा इशारा चुकीचा नव्हता.

मग पीठ तापवलं की झालं, असं वाटेल. इथे मला परळची आठवण करून द्यायची आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ते प्लेगचे जंतू मांसाच्या रश्शात वाढवत. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवत, म्हणजे जंतू त्यांना लटकून भरभर वाढत. मग तो रस्सा ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून ते जंतू मारत. मेलेल्या जंतूंची ती लस. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

उष्णतेने जंतू मरतात हे आपल्या शेजारच्या परळने सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. पण तो रस्सा होता, ओला होता. कोरड्या पिठात गणित बदलतं. साल्मोनेलासारखे जंतू कोरड्या पिठात वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. शिवाय कोरड्या अवस्थेत ते उष्णताही जास्त सोसतात. पाण्यात ज्या तापमानाला काही सेकंदांत मरतील, त्याच तापमानाला पिठात कित्येक मिनिटं तग धरतात.

मोबाइलवर फिरणाऱ्या बऱ्याच कृतींमध्ये लिहिलेलं असतं की मैदा मिनिटभर मायक्रोवेव्हमध्ये फिरवा, ७४ अंश झाले की तो खायला सुरक्षित. हा ७४ चा आकडा मुळात कोंबडी शिजवण्याचा आहे. तो ओल्या मांसाला लागू पडतो. मायक्रोवेव्हमध्ये पीठ एका जागी करपतं आणि दुसऱ्या जागी कोमट राहतं, हे वेगळंच. म्हणूनच अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं की घरी पीठ तापवून ते कच्चं खाण्याजोगं झालं असं समजू नका. ‘आमच्या घरी आजवर कुणाला काही झालं नाही’ हे उत्तर मला चालत नाही. माझ्या नोकरीत कुणी ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हटलं की त्याच्यावर सगळे हसतात. हे त्यातलंच.

मग मी या गोळ्या का केल्या? कारण आपल्याकडे पीठ ‘तापवत’ नाहीत, भाजतात. या दोन शब्दांत खूप अंतर आहे. पिठलं तासभर उकळलं तरी तांबूस होणार नाही, कारण पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. पीठ तांबूस होऊन त्याला खमंग वास सुटायला त्याच्या बरंच पुढे जावं लागतं. बेसनाचा लाडू करताना आपण मंद आचेवर अर्धा-पाऊण तास हात न थांबवता ढवळत बसतो, तेव्हा पिठाचा प्रत्येक कण तिथपर्यंत पोचतो. रंग आणि वास हेच आपलं थर्मामीटर. लालबागला मसाल्यासाठी मिरच्या आणि धणे भाजणाऱ्या बाया घड्याळाकडे बघत नाहीत, वासावर कढई उतरवतात. आपल्या आज्या हे जंतूंसाठी करत होत्या असा माझा दावा नाही. त्या चवीसाठी आणि लाडू टिकावा म्हणून करत होत्या. पण त्या सवयीने दुसरंही काम होत होतं.

आता एक गोष्ट सांगते, आणि ती जिची आहे तिची परवानगी घेऊन सांगते. या कार्यक्रमाची यादी आपल्या ग्रुपवर पडली त्या रात्री आपल्यातल्या एकीचा फोन आला. तिची केमोथेरपी चालू आहे. तिने विचारलं, ‘अगं, ते मी खाल्लं तर चालेल का?’ तिला कच्चं काही खायला मनाई आहे. मी हो म्हणू शकले असते. पीठ मी खमंगच भाजणार होते. पण माझ्या कढईची प्रयोगशाळेत कुणी तपासणी केलेली नाही, आणि तिच्या बाबतीत ‘बहुतेक चालेल’ हा शब्द मला वापरायचा नव्हता. तिने तिच्या डॉक्टरांना सगळ्या घटकांची यादी दाखवली आणि त्यांनी सांगितलं त्याप्रमाणे तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या केल्या. त्यात पीठ नाहीच. कारखान्यात भाजलेल्या गव्हाच्या बिस्किटांचा चुरा, लोणी आणि कंडेन्स्ड मिल्क आहे. श्रीखंड डॉक्टरांनी नको म्हटलं, म्हणून ती नुसत्या गोळ्या खाणार आहे. ऐंशी पार केलेल्या आपल्या बाईंसाठी आणि सरांसाठीही त्याच गोळ्या ठेवल्या आहेत. डब्यावर चिठ्ठी लावली आहे.

बाकीच्यांची कृती सांगते, कारण नंतर फोन येणारच आहेत. दोन वाट्या कणीक आधीच चाळून घ्या. पाऊण वाटी तुपात मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं, लाडवाला भाजतो तशी बदामी रंगावर भाजा. पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर चॉकलेट वितळून सगळं काळं होईल. मग पाऊण वाटी गुळाची पावडर, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला आणि चार मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क घालून मळा. शेवटी चॉकलेटचे बारीक तुकडे. खायचा सोडा आणि बेकिंग पावडर घालू नका. गोळा भट्टीत जाणारच नाही तर फुगवायचं कशाला? हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग श्रीखंडात, कुल्फीत किंवा आइस्क्रीममध्ये घाला. उरलेला गोळा फ्रीजमध्ये चार दिवसांत संपवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कच्ची कणीक ज्या परातीत घेतली, ज्या चाळणीने चाळली आणि ज्या चमच्याने मोजली, त्यांना भाजलेलं पीठ लावू नका. नाहीतर अर्धा तास ढवळून जे मिळवलं ते एका चमच्याने घालवाल.

चव विकतच्या कुकी डोसारखी लागणार नाही. तो पांढरा आणि कच्च्या मैद्याच्या चवीचा असतो. ती चव हवी असेल तर कारखान्यात प्रक्रिया केलेलं पीठ लागतं. आपला गोळा लाडवाकडे झुकतो. माझी मुलगी पहिल्यांदा म्हणाली, ‘आई, हा तर चॉकलेट घातलेला लाडू आहे.’ तिचं बरोबर आहे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

घरून ऑर्डर घेणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगेन. एफएसएसएआयची नोंदणी आपल्याला लागतेच. पण तो क्रमांक पीठ कसं भाजलं ते सांगत नाही, ते आपणच सांगायचं. डब्यावर ‘एगलेस’ लिहिता ना, त्याच्याखाली पिठाचं काय केलं तेही एका ओळीत लिहा. आणि आपण सगळ्यांनी विकत घेताना दोन प्रश्न विचारायचे. अंडं आहे का, हा पहिला. पीठ खमंग भाजलंय का, हा दुसरा. समोरच्याला उत्तर देता आलं नाही तर मुलांना त्या दिवशी बिस्किट द्या.