सर्व्हरचा फेरफार



शेजारची दोन एकर जमीन तुम्ही विकत घेतलीत. पैसे चुकते केले, दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत झालं, बांधावर उभं राहून नारळही फोडला. मग कधीतरी कर्जासाठी सातबारा काढला, तर क्षेत्र जुनंच! तलाठ्याकडे फेरफार घातलाच नव्हता, मग मंडल अधिकारी तो मंजूर तरी कसा करणार? जमीन तुमच्या ताब्यात आहे, दप्तरी नाही.

माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. महसूल खात्याशी माझा संबंध वर्षाकाठी एकदा येतो, तोही गावच्या घरपट्टीपुरता. आणि घरपट्टी महसूल खात्याची नसते, हेही मला उशिरा कळलं. पण सर्व्हरमध्ये साठवणीची जागा वाढवायची वेळ आली की मला हमखास हा सातबारा आठवतो.

ओळखीतल्या एका पतसंस्थेची गोष्ट सांगतो. सभासदांच्या कर्जाच्या फायली, सह्यांचे नमुने, ओळखपत्रं असं सगळं स्कॅन करून एका सर्व्हरवर ठेवलेलं. त्यात 4 टेराबाइटच्या चार डिस्क होत्या आणि वापर 97 टक्क्यांवर गेला होता. मॅनेजरांनी तशीच पाचवी डिस्क मागवली आणि रिकाम्या खाचेत बसवून घेतली. दोन दिवसांनी मला फोन. ‘‘अहो सर, डिस्क घातली, दिवा हिरवा लागलाय, पण जागा काही वाढत नाही. दुकानदाराने खराब माल दिला का?’’

माल उत्तम होता. डिस्क नुसती खाचेत बसून होती. तिला कुणी कामाला लावलंच नव्हतं.

या चार डिस्क स्वतंत्र नव्हत्या. कंट्रोलर नावाच्या कार्डाने त्यांची मोट बांधून सर्व्हरला एकच मोठी डिस्क असल्याचं भासवलं होतं. या पद्धतीला रेड म्हणतात. 1988 साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एका निबंधात हे नाव रूढ केलं. महागडी एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क एकत्र जोडा, असं त्यांचं म्हणणं. अडचण एकच: डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून एका डिस्कइतकी जागा हिशेबासाठी राखून ठेवायची. तीन आकडे आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर त्या चारांपैकी कुठलाही एक पुसला गेला तरी उरलेल्या तिघांवरून तो काढता येतो. प्रत्यक्षातलं गणित साध्या बेरजेहून थोडं वेगळं असतं, पण जात तीच. म्हणून 4 टेराबाइटच्या चार डिस्कांत 16 नव्हे, 12 टेराबाइट मिळतात, आणि पाच डिस्कांत 16.

पाचवी डिस्क या मोटेत घ्यायची म्हणजे आधीच्या चारांवरची सगळी माहिती पाचांवर नव्याने वाटायची आणि हिशेबही नव्याने मांडायचा. मी आधी संपूर्ण बॅकअप घेतला. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड तितक्याच इमानाने पाचही डिस्कांवरून पुसून टाकतं. शुक्रवारी रात्री काम सुरू केलं, ते रविवारी दुपारी संपलं. कंट्रोलरच्या पडद्यावर 16 टेराबाइट दिसले. खरेदीखत झालं म्हणायचं.

आणि लिनक्सला विचारलं तर आकडा जुनाच.

इथे बरेच जण घाबरून सर्व्हर बंद करून चालू करतात. कधी त्याने एक पायरी सरकतेही. पण कारण समजून घेतलं तर भीती उरत नाही. डिस्क ही कारखान्यातून निघते तेव्हा तिची लांबीरुंदी ठरलेली असते, अशा गृहीतावर ही सगळी रचना जुन्या काळापासून उभी आहे. यंत्रणा सुरू होताना डिस्कला एकदा विचारते, ‘तुझी क्षमता किती?’ आणि ते उत्तर टिपून ठेवते. पुन्हा विचार, असं कुणी सांगितल्याशिवाय सहसा विचारत नाही. लिनक्समध्ये त्या डिस्कच्या रीस्कॅन नावाच्या फाइलीत 1 हा आकडा लिहिला की ती पुन्हा विचारते. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून रीस्कॅन डिस्क्स म्हणायचं.

एवढं झालं तरी फक्त डिस्क मोठी झाली. तिच्यावर पार्टिशनचा तक्ता असतो: अमुक भाग इथे सुरू होतो, तिथे संपतो. हा आपला गटाचा नकाशा. नव्या पद्धतीच्या जीपीटी तक्त्याची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला असते आणि दुसरी, राखीव प्रत, अगदी शेवटी. आता डिस्कच लांबली, तेव्हा शेवटचं पान मध्येच कुठेतरी अडकून पडलं! ते उचलून नव्या टोकाला न्यावं लागतं. जुन्या एमबीआर तक्त्यात तर वाढायलाच मर्यादा. त्यात सेक्टर मोजायला 32 बिटच दिलेत, म्हणजे 4,29,49,67,296 सेक्टर. प्रत्येकी 512 बाइट धरले तर साधारण 2.2 टेराबाइटपाशी कुंपण. त्यापुढे डिस्क कितीही मोठी असो, तक्त्याला मोजताच येत नाही.

पार्टिशन लांबवायला लिनक्सवर ग्रोपार्ट नावाची आज्ञा आहे. तिच्यात डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडायची असते. ती न सोडल्याने माझा एकदा अर्धा तास गेलाय, म्हणून सांगतो. जुने लोक एफडिस्कने पार्टिशन पुसून तिथेच पुन्हा मोठं बनवतात. ऐकून काळजाचा ठोका चुकतो, पण सुरुवातीचा सेक्टर जसाच्या तसा ठेवला तर आतल्या माहितीला धक्का लागत नाही. एफडिस्क मध्येच विचारतं, ‘जुनी खूण पुसू का?’ तिथे नाही म्हणायचं. विंडोजमध्ये वेगळीच अडवणूक. मोकळी जागा आपल्या भागाला लगटून हवी. मध्ये रिकव्हरीचं छोटं पार्टिशन ठाण मांडून बसलं असेल, तर एक्स्टेंडचा पर्याय निवडताच येत नाही. दोन शेतांमध्ये तिसऱ्याचा बांध असावा, तसं.

आमच्या सर्व्हरवर पार्टिशनच्या वर एलव्हीएम नावाचा आणखी एक थर होता. त्यालाही दोनदा सांगावं लागलं: एकदा जागा वाढल्याचं, आणि एकदा ती जागा कुणाच्या नावावर करायची ते.

सगळ्यात वर फाइल सिस्टीम. खऱ्या फाइली तिच्याकडे. डिस्क फॉरमॅट केली त्या दिवशी आपल्यापाशी किती ब्लॉक आहेत हे तिने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलेलं असतं, आणि ती फक्त त्या वहीवर विश्वास ठेवते. तिचं हे वागणं मला शहाणपणाचं वाटतं. खालच्या थराने सांगितलं म्हणून तिने परस्पर हातपाय पसरले असते, तर एखाद्या चुकीच्या आकड्यापायी सभासदांच्या फायली नसलेल्या जागेत लिहिल्या गेल्या असत्या. ईएक्सटी4 आणि एक्सएफएस या दोन्ही फाइल सिस्टीम काम चालू असताना वाढवता येतात. आमची एक्सएफएस होती. एक आज्ञा दिली, चार-पाच सेकंद गेले, झालं.

उलट दिशेने, म्हणजे जागा कमी करायची असेल, तर क्रमही उलटा: आधी फाइल सिस्टीम आवळायची, मग पार्टिशन. क्रम चुकला तर माहितीवरच कुऱ्हाड पडते. एक्सएफएस तर आवळायला तयारच होत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून मी सगळी जागा एकदम वाटून टाकत नाही, थोडी हातची राखतो. पतसंस्थेत मात्र हा सल्ला चालला नाही. त्यांना सगळीच हवी होती.

रविवारी संध्याकाळी मी मॅनेजरांना पडदा दाखवला. वापर 97 टक्क्यांवरून 73 वर आला होता. ते खूश झाले, मग चष्मा पुसून शेजारचा आकडा वाचू लागले. ‘‘सर, पाच डिस्कांचे 20 होतात. इथे 15 लिहिलंय.’’

मी सांगितलं, की चार हिशेबात गेले, राहिले 16. दुकानदाराचा टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्यं. संगणक मोजतो तो दोनाचा चाळिसावा घात, साधारण दहा टक्क्यांनी मोठा. त्या मापाने आपले 16 भरतात 14.55, आणि यंत्र तेच वर ओढून 15 दाखवतं.

त्यांनी कॅलक्युलेटर काढला, दोनदा भागाकार केला, आणि दुकानदाराच्या थकलेल्या बिलावर सही केली.